जळण तोडलं कधी ते नको, फोडलं कधी ते विचारा

तुमची अडचण थोडक्यात अशी. कोल्हापुरात रिंग रोडला चुलीवरच्या मटणाची खानावळ मे महिन्यात सुरू केली. जूनमध्ये वखारीतून 2 टन बाभळीचं जळण टेम्पोनं आणलं. वखारवाला म्हणाला, "झाड पडून दीड वर्ष झालंय." ढलप्यांच्या टोकांना चिराही दिसत होत्या. तरी चूल नुसती धुमसते, तुमच्या आईचे डोळे दिवसभर चुरचुरतात आणि गिऱ्हाईक ताट घेऊन बाहेर जाऊन बसतं. तुम्ही विचारलंय की वखारवाल्यानं फसवलं का, आणि वाळलेलं जळण ओळखायचं कसं.

माझ्या माहेरी वखार होती आणि सासरी गेली 25 वर्षं मी खानावळ चालवते. 3 चुली आहेत, दिवसाला 60-70 किलो जळण लागतं. म्हणजे विकणाऱ्याच्या घरात वाढले आणि घेणारी म्हणून आयुष्य काढलं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

वखारवाला कदाचित खरंच बोलला असेल. झाड दीड वर्षापूर्वी पडलं असेलही. पण ते ओंडक्याच्या रूपात, सालीसकट पडून राहिलं असेल आणि तुमचा टेम्पो भरायच्या आदल्या दिवशी फोडलं असेल, तर ते दीड वर्ष फुकट गेलं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी मुळापासून शेंड्याकडे जातं आणि तोडल्यावरही ते बाहेर पडतं मुख्यतः त्याच वाटेनं, दोन टोकांतून. आडव्या अंगानं ते फार हळू निघतं. त्यात बाभळीची साल जाड, रेनकोट घातल्यासारखी. माहेरी भिंतीकडेला दोन-दोन वर्षं पडलेले ओंडके असायचे. वरून पांढुरके, उन्हानं तडकलेले. वडील पाचर लावून घण मारायचे आणि ओंडका उकलला की आतला तांबडा गाभा ओलसर चमकायचा, पाचर बाहेर काढली तर ती ओली असायची. तो वास मला अजून आठवतो, आंबूस-तुरट. म्हणून वखारीत गेल्यावर मी "तोडलं कधी?" असं विचारतच नाही. "फोडलं कधी, आणि फोडल्यावर ठेवलं कुठं?" एवढंच विचारते. उत्तर द्यायला माणूस घुटमळला की समजायचं.

चिरा दिसल्या म्हणजे जळण वाळलं, हे तुम्हाला कोणी तरी अर्धवट सांगितलंय. लाकडात पाणी दोन जागी असतं. एक नळ्यांच्या पोकळीत, दुसरं नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं. पोकळीतलं आधी निघून जातं आणि ते जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओल कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांखाली आली की भिंतींतलं पाणी सुटायला लागतं, तेव्हा लाकूड आकसतं आणि चिरा पडतात. म्हणजे टोकाला चीर दिसली तर ते टोक 30 च्या खाली आलंय एवढंच कळतं. वीतभर आत काय आहे हे ती चीर सांगत नाही. पहिल्या वर्षी मी याच चिरांवर भुलले होते. 300 माणसांच्या जत्रेच्या जेवणाची ऑर्डर होती. जळणाच्या टोकांना चांगल्या बोटभर चिरा. चुलीत घातलं आणि दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला फेस यायला लागला, सूं-सूं आवाज करत. पांढऱ्या रश्श्याला उकळी यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला आणि वाढपी पोरं डोळे पुसत पंगतीत फिरत होती. ज्याच्याकडून घेतलं तो भला माणूस होता, त्यालाही वाटत होतं माल वाळलेला आहे.

आता पैशाचं बोलू, कारण खरा तोटा तिथं आहे आणि तो धुरात दिसत नाही. आपल्याकडे जळण वजनावर विकतात. ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे पाणी विकत घेणं. समजा तुमच्या 2 टनात 40 टक्के पाणी आहे, तर 800 लिटर पाणी आणि 1,200 किलो लाकूड आलं. तेच वाळून 20 टक्क्यांवर आलं की काट्यावर 1,500 किलो भरेल. 500 किलो हवेत गेलं. हिशेबापुरता किलोला 8 रुपये भाव धरा. 16,000 रुपये देऊन हातात 1,500 किलो वाळलं जळण, म्हणजे किलोला 10 रुपये 67 पैसे पडले, शिवाय ते रचायची मजुरी आणि चार महिने अडकलेली जागा. शेजारचा वखारवाला वाळलेलं जळण 10 रुपयांनी देत असेल तर तो स्वस्त आहे. लोक 8 आणि 10 बघतात आणि 8 च्या दारात जातात.

जे न वाळवता तसंच जाळतात त्यांचं तर आणखी जातं. पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे सुमारे 4,400 किलोकॅलरी उष्णता असते. 1 लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला त्यातल्या सुमारे 600 खर्च होतात. 20 टक्के पाण्याचं 1 किलो जळण सुमारे 3,400 देतं, 40 टक्क्यांचं 2,400. हा झाला कागदावरचा फरक. चुलीत तो अजून वाढतो, कारण ओल्या लाकडाचा जाळ थंड पडतो, लाकडातून सुटणारा वायू पेटतच नाही आणि धूर होऊन निघून जातो. धूर म्हणजे न जळलेलं जळणच. त्याचेही पैसे तुम्ही दिलेत. आणि तो आईच्या छातीत जातो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्याकडे 14 वर्षं भाकरी थापणाऱ्या मावशींना जो खोकला लागला तो त्या ओल्या जळणाच्या वर्षांचा आहे, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. तोच धूर चिमणीत डांबरासारखा चिकट थर धरतो, आणि खानावळीच्या तेलकट चिमणीत असा थर पेटला तर आवरत नाही.

शेतकऱ्याच्या घरातले असाल तर सोयाबीनचं आठवा. माल घालायला गेलं की व्यापारी आधी मॉइश्चर बघतो, 12 च्या वर गेलं की भाव कापतो. तिथं आपण मुकाट ऐकतो. मग जळण घेताना आपण घेणारे आहोत, आपण का बघू नये?

तर बघायचं कसं. सकाळी वखारीत जाताना मी कुऱ्हाड बरोबर नेते. ढिगाच्या पुढची, उन्हाकडची लाकडं सोडून मधली आणि खालची तीन-चार ढलपी काढायला सांगते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. वाळलेलं लाकूड टण्ण बोलतं, ओलं बद्द बोलतं. हे कानाला सवयीनं कळतं, पहिल्या दिवशी नाही कळणार. मग त्यातली सगळ्यात जाड ढलपी तिथंच फोडायची आणि नव्यानं उघडलेली आतली बाजू लगेच गालाला लावायची. तळहात राबून निबर झालेला असतो, गाल नाही. गार, दमट लागलं तर ओलं. कोरड्या लाकडाचा स्पर्श उबदार, कागदासारखा असतो. साल नखानं उचलली तर सुटते का, सालीखालचा पापुद्रा अजून हिरवट आहे का, तेही त्याच वेळी दिसतं. विकणारा फोडू देत नसेल तर मी पुढच्या वखारीत जाते, भाव कितीही कमी असो.

दोन पिनांचा ओल मोजायचा मीटर मिळतो, महाग नाही. खानावळ चालवायची असेल तर घ्याच. पण तो टोकाला किंवा बाहेरच्या अंगाला लावला तर काहीही आकडा दाखवतो. आत्ता फोडलेल्या आतल्या बाजूला, मधोमध, दोन्ही पिना लाकडाच्या रेषेत रोवायच्या. 20 च्या खाली आलं तर बिनधास्त घ्या. 20 ते 25 असेल तर पातळ फोडून महिनाभर ठेवायची तयारी हवी. 30 च्या पुढचे आकडे भरवशाचे नसतात, "ओलं आहे" एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. आणि एक लक्षात ठेवा, मीटर ओल सांगतो ती कोरड्या लाकडाच्या तुलनेत. मी वर पैशाचा हिशेब केला तो एकूण वजनातल्या पाण्याचा. मीटरवरचे 25 म्हणजे एकूण वजनाचे 20. दोन्ही टक्केच, म्हणून भांडणं होतात.

मीटरपेक्षाही माझा विश्वास भाजीच्या काट्यावर जास्त आहे. माल आला की मी मध्यम जाडीच्या तीन ढलप्यांना खिळ्यानं खूण करते, वजन करून खडूनं भिंतीवर लिहिते आणि त्या ढिगाच्या मधल्या थरात ठेवते. दर आठ दिवसांनी परत वजन. गेल्या वर्षीची एक ढलपी फेब्रुवारीत 2 किलो 340 ग्रॅम होती, मेच्या शेवटी 1 किलो 720 वर येऊन थांबली. सहाशेवर ग्रॅम पाणी, एका ढलपीतून! लागोपाठ दोन-तीन आठवडे काटा हलला नाही की हवेत वाळण्यासारखं होतं तेवढं वाळलं. याला कोणाची साक्ष लागत नाही.

किती दिवस लागतात याचं एक उत्तर नाही. सुबाभूळ मनगटाएवढी फोडली तर एका उन्हाळ्यात, दोन-अडीच महिन्यांत जळण्याजोगी होते. बाभूळ, चिंच अशी जड लाकडं मांडीएवढी ठेवली तर दोन उन्हाळेही कमी पडतात, तीच पातळ फोडली तर एक पुरतो. म्हणजे झाडापेक्षा जाडी महत्त्वाची. बाकी बाभळीचा निखारा टिकतो, म्हणून मटण शिजवायला मला तीच लागते. सुबाभूळ आणि निलगिरी भराभर जळतात, सकाळी चूल पेटवायला बऱ्या. आंब्याला पोखरकिडा लवकर लागतो, खाली पिवळा भुसा पडलेला दिसला तर घेऊ नका. फार जुनं, कुजत आलेलं लाकूडही घेऊ नका. ते वाळलेलं असतं, हलकं लागतं, पण भगभग करून संपतं आणि मागं निखारा ठेवत नाही.

डोंगराकडचं मिश्र जळण स्वस्त पडतं, पण त्यात बिब्बा येतो. बिब्बा उततो हे आपल्याला माहीत आहे, त्याचा धूरसुद्धा अंगावर उठतो. कण्हेर विषारी, ती स्वयंपाकाच्या चुलीत नकोच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून पॅकिंगच्या पेट्यांची फळकुटं येतात. ती कोरडी असतात हे खरं, पण परदेशातून आलेल्या पेटीवर 'एमबी' असा शिक्का असेल तर तिच्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी झालेली असते. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही नकोच. यातलं काहीही अन्नाखाली जाळू नका. आणि माल तोडीच्या परवानगीचा आहे का, पावती आहे का, हे विचारा. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा कायदा 1964 पासून आहे, उद्या गाडी अडवली तर त्रास तुम्हालाही होतो.

पावसात भिजलेलं आणि मुळात ओलं, यांतला फरक आपल्या भागात कळायलाच हवा. वाळलेली ढलपी दोन दिवस पावसात राहिली तर पाणी वरवर लागतं, आडोशाला वाऱ्यावर आठवडाभरात निघून जातं. तिला ओली म्हणून टाकू नका. फोडून बघा, आत कोरडी असते. उलट वरून खडखडीत दिसणारी पण आतून रसाची ओल धरलेली ढलपी महिनोन्‌महिने त्रास देते. 2019 च्या पुरात माझी शेड पाच दिवस पाण्यात होती, सगळं जळण बुडालं. मला वाटलं संपलं. पण आधी नीट वाळलेलं होतं म्हणून पाण्यानं धुऊन, गाळ काढून पसरल्यावर दिवाळीपर्यंत बरंचसं वापरता आलं. गाळ मात्र धुवावाच लागला, गटाराचं पाणी होतं ते.

रचण्याबद्दल. खाली विटा किंवा दगड ठेवून जमिनीपासून वीतभर वर घ्या, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही चढतात. भिंतीपासून हातभर लांब, एकेरी रांग, लाकडाची तोंडं वाऱ्याकडे. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून तेवढ्या बाजूला पत्रा लावायचा आणि बाकी बाजू मोकळ्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळतात ती सगळ्यात मोठी चूक. आतलं पाणी आतच घाम धरतं आणि पंधरा दिवसांत पांढरी बुरशी येते. ताडपत्री फक्त माथ्यावर. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की मेमध्ये 10 वर आलेलं लाकूडही जुलैत 18-20 वर जातं. त्याची काळजी नको, ते जळतं. पण ढिगात हात घालण्याआधी काठीनं आपटा. घोणस आणि विंचू यांना जळणाचा ढीग फार आवडतो.

आता वेळेचं, कारण तुमची खरी चूक वखार निवडण्यात नाही, महिना निवडण्यात झाली. कोल्हापुरात जळणाला सगळ्यात जास्त मागणी आखाडात. टेंबलाईची जत्रा, गल्लोगल्लीच्या मटणाच्या पंगती, आणि नेमकं तेव्हाच वाळलेलं जळण कोणाकडे शिल्लक नसतं. मग जे आहे ते फोडून विकलं जातं. मी पावसाळ्याचं जळण माघ-फाल्गुनात भरते. फोडलेलं, थोडं ओलं असलं तरी चालतं, मात्र भाव ओल कापून ठरवते. गळीत हंगाम संपत आला की उसाच्या ट्रॉल्या मोकळ्या होतात, भाडंही उतरतं. मग एप्रिल-मेचं ऊन फुकट मिळतं. वळवाच्या सरी येतात तेवढ्यापुरता माथा झाकायचा.

या महिन्यात काय करायचं? आहे त्या ढलप्या अजून पातळ फोडा, मनगटापेक्षा जाड काही ठेवू नका. चार दिवसांपुरतं जळण चुलीपासून तीन-चार हात लांब उभं रचा, अंगाला लागून नको आणि गॅसच्या टाकीजवळ तर अजिबात नको. रात्री निघताना तिथं एकही निखारा जिवंत ठेवू नका. पेटवायला तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, शेणी वापरा आणि जाळ पूर्ण धरल्यावरच एखादी ओलसर ढलपी वर ठेवा, एका वेळी एकच. रॉकेल ओतू नका, मटणाला वास लागतो आणि भडका अंगावर येतो. हाडांचं पाणी काढायचं, रस्सा उकळायचा, ही लांबलचक कामं आखाड संपेपर्यंत गॅसवर न्या. चुलीवर फोडणी आणि शेवटचं शिजणं ठेवा, चव तिथंच येते. थोडं खात्रीचं वाळलं जळण चढ्या भावानं मिळालं तरी 200-300 किलो घेऊन टाका, मिसळून वापरायला. आणि वारा धूर नेतो त्या बाजूला आईला बसवू नका, चूल फिरवता येत नसेल तर तिची बसायची जागा फिरवा.

उरलेला ढीग आजच विटांवर घ्या. तीन ढलप्यांना खिळ्यानं खूण करा, वजनं भिंतीवर तारखेसकट लिहा. पावसाळ्यात काटा फारसा हलणार नाही, घाबरू नका. दसऱ्यानंतर बघा कसा उतरतो ते. वजनं कळवलीत तर पुढच्या फाल्गुनात तुम्हाला किती टन भरावं लागेल याचा हिशेब आपण बसून करू.